जस्त हवं, जास्त नको



मागच्या अंकात गुडघ्यांविषयी लिहिलं, पण त्यानंतर जे फोन आले ते गुडघ्यांचे नव्हते. चार जणांनी एकच प्रश्न विचारला, “सिस्टर, झिंकची गोळी घेऊ का? प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात.” चौथ्या फोनवर तर नातवाने आजीच्या हातून फोन ओढून घेतला आणि म्हणाला, “बॅटरीत असतं तेच झिंक का? मग सावता काय बॅटरी खाणार?”

मला त्या मुलाचा प्रश्न सगळ्यांत आवडला. हो बाळा, तेच झिंक. मराठीत त्याला जस्त म्हणतात. कोकणात आमच्या विहिरीवर जी करडी बादली असायची, तिच्या लोखंडावर जस्ताचा मुलामा असे, म्हणून ती लवकर गंजत नसे. तान्ह्या बाळाचं ढुंगण लाल झालं की जे पांढरं घट्ट मलम लावतात, त्यातही जस्तच असतं. आणि तुझ्या अंगातही ते आहे. मोठ्या माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे चहाचा पाव चमचाही भरणार नाही एवढं. त्यातलं बहुतेक हाडांत आणि स्नायूंत असतं. पण ते एवढंसं कमी पडलं तर सगळं घर डळमळतं.

या गोळीबद्दल उत्तर द्यायला मी मुद्दाम वेळ घेतला, कारण तिच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. २०२० साली कोरोना आला तेव्हा आमच्या इमारतीतल्या एक ताई, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठ्या, रोज गॅलरीतून हाक मारून विचारायच्या, “सिस्टर, मी काय घेऊ गं?” सगळेच घाबरलेले होते. मी म्हटलं, “झिंक घ्या, पांढऱ्या पेशींना बरं असतं.” किती घ्या, किती दिवस घ्या, कधी बंद करा, यातलं काही मी सांगितलं नाही. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी! रुग्णाला औषध देताना मात्रा दोनदा वाचायची सवय, आणि ताईंना मात्र वाऱ्यावर सल्ला दिला. पुढे काय झालं ते सांगते, पण ते समजण्यासाठी आधी जस्त अंगात काय काम करतं ते सांगायला हवं.

ही विद्या फार जुनी नाही. माझ्या नर्सिंगच्या पुस्तकात जस्ताला दोन ओळी होत्या. माणसाला जस्त कमी पडू शकतं हे दाखवून दिलं ते आपल्या भारतातल्या डॉक्टरने. आनंद प्रसाद, बिहारमधल्या बक्सरचे. ते अमेरिकेत शिकले आणि १९५८ साली इराणात शिराझ शहरी काम करत होते. तिथे त्यांच्यापुढे एक रुग्ण आला. वय एकवीस, आणि दिसायला दहा वर्षांचा मुलगा. उंची वाढलेली नाही, दाढीमिशी नाही, रक्त कमी, त्वचा खरखरीत. खाणं काय, तर बिनखमिराची रोटी. मटण नाही, अंडं नाही. आणि तो माती खायचा! (मुलांनो, तुमचा धाकटा भाऊ माती तोंडात घालत असेल तर आईला जरूर सांगा. पण घाबरू नका, सगळी बाळं एकदा तरी खातात.) असे आणखीही रुग्ण त्या भागात होते.

लोह कमी म्हणून रक्त कमी, हे समजण्यासारखं होतं. पण उंची का वाढत नाही? प्रसादांना जस्ताची शंका आली. पुढे ते इजिप्तमध्ये गेले, तिथेही खेड्यांत तसेच रुग्ण होते, आणि १९६३ सालापर्यंत त्यांनी रक्त, केस, लघवी तपासून सिद्ध केलं की या मुलांना जस्ताची उणीव आहे. जस्त दिल्यावर ती मुलं वर्षात पाच-सहा इंच वाढली. आणखी एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे, आपल्या आजच्या विषयाला तीच महत्त्वाची. ही माणसं पंचविशीच्या पुढे सहसा जगत नसत. कशाने मरत? साध्या-साध्या संसर्गाने. तिथून शोध सुरू झाला की जस्ताचा आणि आपल्या रक्षणाचा संबंध काय.

आता तो संबंध. वॉर्डातली रात्रपाळी डोळ्यांपुढे आणा. रुग्णाने घंटी दाबली की दिवा लागतो, नर्स धावते, गरज असेल तर ती डॉक्टरला उठवते. काम झालं की ती घंटी बंद करते. बंद केली नाही तर? रात्रभर घंटी वाजत राहील, सगळे धावत राहतील, कोणाला झोप नाही, आणि ज्याला खरंच काही झालंय त्याच्याकडे लक्ष जाणार नाही. अंगातल्या पांढऱ्या पेशींचं अगदी असंच चालतं. एका पेशीला जंतू भेटला की ती दुसरीला निरोप पाठवते. त्या धावपळीला आपण दाह म्हणतो. सूज, लाली, उष्णता, दुखणं, ही सगळी धावपळीची खूण. दाह वाईट नाही, तो हवाच. पण तो वेळेवर थांबायलाही हवा.

जस्त या घंटीच्या दोन्ही टोकांना आहे. वाजवायलाही लागतं आणि बंद करायलाही.

वाजवायचं टोक आधी बघू. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. मुलांनो, तुमची चांगली मोठी आहे. आमची म्हाताऱ्यांची सुकून चरबी झाली. ही ग्रंथी टी पेशींची शाळा आहे. त्या शाळेतलं थायम्युलिन नावाचं हॉर्मोन जस्त चिकटल्याशिवाय कामच करत नाही. टी पेशी शिकून बाहेर पडली की तिच्या अंगावर जंतूची खबर घेणारा एक भाग असतो आणि आत ती खबर पुढे नेणारा दुसरा. या दोघांना एकमेकांशी धरून ठेवणारी कडी असते जस्ताची. कडी नसली तर बाहेर कोणी कितीही घंटी दाबो, आत वाजणार नाही.

आणि जस्त नुसतं कडी बनून बसत नाही, ते स्वतःही निरोप्या होतं. ज्या पेशी ॲलर्जीत शिंका आणि खाज आणतात, त्यांना चेतवल्यावर काही मिनिटांत त्यांच्या आत जस्ताची लाट उठते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवलं. त्याआधी २००१ साली आपल्या बेरशेवाच्या बेन-गुरियन विद्यापीठात मिखल हेर्शफिंकल, इस्राएल सेक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं की पेशीच्या बाहेरच्या अंगाला जस्त ओळखणारी जागा असते. बाहेर जस्त आलं की ती आत कॅल्शियमची खबर सोडते. बेरशेवात आपली इतकी माणसं राहतात, त्यांच्या बसथांब्यापासून दोन पावलांवर हे काम झालं, आणि आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं? मलाही नव्हतं, निवृत्त झाल्यावर वाचलं.

आता बंद करायचं टोक. हे मला स्वतःला जास्त मोलाचं वाटतं. जंतू भेटला की पेशीच्या आत एन-एफ-कप्पा-बी नावाचा एक मुकादम जागा होतो आणि हुकूम सोडतो, दाह वाढवणारी रसायनं बनवा. त्यांतल्या एकाचं नाव टी-एन-एफ. ज्यांना सांधेदुखीची मोठी इंजेक्शनं चालू आहेत त्यांनी ते नाव डॉक्टरकडे ऐकलं असेल, कारण त्यांतली काही इंजेक्शनं त्या टी-एन-एफलाच अडवायला असतात. तर गंमत अशी की हाच मुकादम त्याच वेळी पेशीला एक खास दार बनवायलाही सांगतो. त्या दारातून जस्त आत येतं आणि मुकादमाला उठवणाऱ्याचाच हात धरतं. म्हणजे घंटी वाजवतानाच ती बंद करणाऱ्याला बोलावून ठेवायचं. जस्त पुरेसं नसेल तर हात धरायला कोणी नाही, आणि दाह धुमसत राहतो. म्हणून जस्ताची उणीव असलेल्या माणसाचं दुहेरी नुकसान: जंतूशी लढाई दुबळी आणि दाह मात्र जास्त.

ताप आला की आणखी एक प्रकार होतो. रक्तातलं जस्त यकृतात ओढून घेतलं जातं. घरात दंगलीची बातमी आली की आई दागिने आत ठेवते, तसं. जंतूंनाही जगायला जस्त लागतं, त्यांना ते का मिळू द्यायचं? न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तर एक प्रथिन घेऊनच फिरतात, कॅलप्रोटेक्टिन, जे जंतूंच्या तोंडचं जस्त पळवतं. ज्यांच्या नातवंडांना आतड्याच्या सुजेचा आजार आहे त्यांनी शौचाच्या तपासणीत हे नाव वाचलं असेल. तिथे ते जास्त निघालं म्हणजे आतड्यात पांढऱ्या पेशींची गर्दी आहे असं समजायचं. यावरून एक उपयोगाची गोष्ट: ताप असताना किंवा अंगात कुठे दाह असताना रक्तातलं जस्त तपासून “कमी आलं, कमी आलं” म्हणून घाबरू नका. ते हरवलं नाही, आत ठेवलंय.

म्हाताऱ्यांचं काय? प्रसादांनीच २००७ साली डेट्रॉइटहून एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५५ ते ८७ वर्षांची पन्नास माणसं. अर्ध्यांना वर्षभर रोज ४५ मिलिग्रॅम जस्त, अर्ध्यांना खोटी गोळी. वर्षात ज्यांना काही ना काही संसर्ग झाला असे जस्तवाल्यांत शंभरात २९ आणि दुसऱ्यांत शंभरात ८८. टी-एन-एफही जस्तवाल्यांत कमी झाला. आकडे छानच आहेत. पण माणसं पन्नासच, हे विसरू नका. शिवाय ज्याला कमी आहे त्याला भरून दिलं की फायदा दिसतो. ज्याचं भरलेलं आहे त्याला आणखी ओतून काय मिळणार? पेला भरल्यावर पाणी टेबलावरच सांडतं.

आता ताईंची गोष्ट.

मी सांगितलं म्हणून त्यांनी पन्नास मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. परदेशातून मुलीने मोठी बाटली पाठवली, तेव्हा “एकाने बरं तर दोनाने अधिक बरं” म्हणून दोन घेऊ लागल्या. वर शक्तीची गोळी, तिच्यात पुन्हा जस्त. कोरोना ओसरला, लसी झाल्या, आम्ही गॅलरीतून खाली बाकावर आलो, तरी गोळ्या चालूच. मी एकदाही विचारलं नाही. दोन वर्षं उलटून गेल्यावर ताई जिना चढताना धापा टाकू लागल्या. मग पायांना मुंग्या, मग अंधारात तोल जायला लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी आणि पांढऱ्या पेशीही कमी! ज्या पेशी वाढाव्यात म्हणून गोळी, त्याच कमी. बी-बारा पाहिलं, ते ठीक. हाडाच्या मगजाची तपासणी करू असं ठरलं. घरात रडारड. ताई मला म्हणाल्या, “सिस्टर, माझं संपलं बघ.”

तेव्हा एका तरुण डॉक्टरणीने सांगितलं, “घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, डॉक्टरांनी लिहून दिलेली नसतील तीसुद्धा.” मी ताईंबरोबर गेले. पिशवीतून झिंकची बाटली निघाली आणि मला तिथल्या तिथे कळलं. पाय गार पडले माझे. रक्तातलं तांबं तपासलं, ते जवळजवळ नव्हतंच.

असं का होतं, ते साधं आहे. जास्त जस्त पोटात गेलं की आतड्याच्या पेशी त्याला धरायला एक प्रथिन बनवतात. पण ते प्रथिन जस्तापेक्षा तांब्याला जास्त घट्ट धरतं. आतड्याच्या पेशी चार-पाच दिवसांत गळून जातात आणि त्यांच्याबरोबर तांबंही बाहेर. तांब्याशिवाय लाल पेशी नीट बनत नाहीत, पांढऱ्या बनत नाहीत, आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंना इजा होते. ताईंच्या जस्ताच्या गोळ्या बंद केल्या, तांबं दिलं. तीन महिन्यांत रक्त सुधारलं. पाय मात्र पूर्ण सुधारले नाहीत. अजून त्या काठी घेऊन चालतात आणि रात्री दिवा लावून झोपतात. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तू एक सांगितलीस, मी दोन खाल्ल्या, जाऊ दे गं.” त्यांनी जाऊ दिलं, पण मला ते अजून टोचतं.

म्हणून आकडे लिहून देते, कात्रीने कापून फ्रिजवर लावा. मोठ्या पुरुषाला दिवसाला ११ मिलिग्रॅम, बाईला ८. खाणं आणि गोळ्या सगळं धरून ४० च्या वर रोज जाऊ नये, डॉक्टरांनी कारणाने दिलं असेल तर गोष्ट वेगळी. कवळी बसवायची चिकट क्रीम वापरणाऱ्यांनी विशेष ऐका. २००८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चार रुग्णांची हकीकत छापली. ते कवळीची जस्तवाली क्रीम फार जास्त वापरत होते, आणि त्यांची अवस्था आमच्या ताईंसारखी, किंबहुना जास्त वाईट झाली होती. पुढे काही क्रीममधून जस्त काढून टाकलं गेलं. तरी नळीवर काय लिहिलंय ते नातवंडांकडून वाचून घ्या. आपले डोळे त्या बारीक अक्षरांना कुठे पुरतात!

सर्दीच्या चघळायच्या गोळ्यांबद्दलही विचारलंत. २०२४ साली सगळे प्रयोग एकत्र तपासले गेले: जस्ताने सर्दी टळत नाही. सर्दी झाल्यावर घेतलं तर ती कदाचित दोनएक दिवस लवकर जाईल, पण पुरावा कच्चा. तोंडाला वाईट चव येते, मळमळतं. नाकात घालायचं जस्त मात्र कधीही नको. त्याने वास येणं कायमचं गेल्याच्या तक्रारी आल्या म्हणून अमेरिकन सरकारने २००९ साली लोकांना सावध केलं होतं. आणि कोरोनात? २०२१ साली छापलेल्या प्रयोगात घरी असलेल्या रुग्णांना भरपूर जस्त दिलं, काही खास फरक पडला नाही. म्हणजे माझा गॅलरीतला सल्ला त्या अर्थानेही वायाच गेला. अँटिबायोटिक चालू असेल तर जस्ताची गोळी त्याच वेळी घेऊ नका, काही अँटिबायोटिकांना ती पोटातच पकडून ठेवते. फार्मसीत विचारून वेळ वेगळी ठेवा.

लहान मुलांच्या जुलाबात मात्र जस्ताचं काम पक्कं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली सांगितलं की गरीब देशांत जुलाब झालेल्या मुलांना मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर दहा ते चौदा दिवस जस्त द्यावं. तेव्हाची मात्रा २० मिलिग्रॅम होती. भारतात आणि टांझानियात झालेल्या, २०२० साली छापलेल्या प्रयोगात ५ किंवा १० मिलिग्रॅमनेही तेवढंच काम झालं आणि उलट्या कमी झाल्या. इथेही, बघा, कमी मात्रा जिंकली.

मग खायचं काय? सर्वांत जास्त जस्त कालवांत असतं. कोकणात शेजारची कोळीण टोपली भरून कालवं आणायची, पण ती आपल्या ताटात येत नाहीत, तेव्हा तो विषय सोडा. मटण, गोमांस, कोंबडीची तंगडी यांत चांगलं असतं. दात नसतील तर खिमा करा. अंड्यात थोडं. हुमुस आणि तहिना यांत आहे, भोपळ्याच्या बियांत आहे. बियांची टरफलं बसमध्ये टाकू नका एवढंच. खरी काळजी मला एकट्या राहणाऱ्यांची वाटते. संध्याकाळी कोण स्वयंपाक करणार म्हणून चहा आणि पाव, सकाळी पुन्हा चहा आणि पाव. गोळीपेक्षा त्यांना दुपारच्या जेवणाला कोणाच्या तरी घरी नेणं बरं.

धान्यात आणि कडधान्यात जस्त असतं, पण फायटेट नावाचा पदार्थ त्याला धरून ठेवतो. शिराझच्या त्या मुलाला रोटी मिळूनही जस्त मिळालं नाही ते त्यामुळे. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की फायटेट कमी होतं. आमच्या आया वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरड्याची उसळ करायच्या. त्यांना फायटेट माहीत नव्हतं, पण हात बरोबर चालायचा.

मुलांनो, तुमचं काम: एका वाटीत मूग रात्री भिजवा, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा, मधूनमधून पाणी शिंपडा आणि दुसऱ्या दिवशी शेपूट किती वाढलं ते पट्टीने मोजा. सर्वांत लांब शेपटीचा आकडा मला फोनवर कळवा. बॅटरीवाल्या मुलाने तर नक्कीच.

आणि मोठ्यांनी आपापली औषधांची पिशवी भरून कुपत होलीमच्या नर्सपुढे एकदा रिकामी करा, या महिन्यातच. पुढच्या अंकात पाय सुजण्याविषयी लिहीन, लोदहून दोघींनी विचारलंय.